संपलंकाकांचा रविवार

दर रविवारी दुपारी आमच्या गल्लीत एक माणूस एका टीव्ही मालिकेचं श्राद्ध घालायचा. आमच्या उंबऱ्यावरून उठायचा, पायजमा झटकायचा, टोपी सारखी करायचा आणि पार टोकाच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करायचा, "संपलं! आता काय बी राहिलं नाय त्याच्यात. आजपासून बंद." आणि पुढच्या रविवारी बाराला पाच कमी असताना हाच माणूस पुन्हा आमच्या उंबऱ्यावर हजर. चपला काढून, भिंतीला जोडीनं लावून. कोणी हटकलंच तर म्हणायचा, "मी भाऊसाहेबांकडं आलोय." भाऊसाहेब म्हणजे आमचे हे. ते रविवारी त्या वेळेला पिशवी घेऊन बाजारात गेलेले असतात, हे गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा माहीत होतं.

म्हणून त्यांचं नाव पडलं संपलंकाका. खरं नाव होतं, पण ते त्यांच्या बँडच्या पाटीवर आणि रेशनकार्डावरच राहिलं. शहागंजात त्यांचा बँड होता, लग्नात वाजवणारा, आणि स्वतः ते क्लॅरिनेट वाजवायचे. मी त्यांच्याहून फार लहान नव्हते, पण पोरं काका म्हणायची म्हणून मीही काकाच म्हणायचे. ते मला वहिनी म्हणायचे आणि चहात साखर कमी आहे असंही म्हणायचे. दर वेळी. पाक करून दिला असता तरी म्हणाले असते.

मालिका होती 'नभराज'. तेव्हा चॅनल एकच, त्यामुळे आवडनिवड असलं काही नव्हतं. दाखवतील ते आवडायचं. नभराज दिवसा पोस्टमन होता, सायकलवरून घरोघरी पत्रं टाकणारा साधा पोरगा. संकट आलं की निळा झगा अंगावर चढवायचा आणि आभाळात जायचा. तो वर जायला लागला की एक सुरावट वाजायची. एकावर एक चढत जाणारे तीन सूर आणि मग एक लांबलचक, वरच तरंगत राहणारा. ती सुरू झाली की आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं तरी कोणी उठत नसे. आमच्या गल्लीत पाणी काय चीज आहे हे ज्याला माहीत आहे, त्यालाच ह्या वाक्याचं वजन कळेल.

पाहणाऱ्यांच्या तऱ्हा तर विचारू नका. भाग संपला की ओट्याओट्यावर न्यायालय बसायचं. पोरांचं एकच म्हणणं, मारामारी कमी पडली. बायकांना वाटायचं, ह्याचं आता लग्न व्हायला पाहिजे, किती दिवस एकटाच आभाळात फिरणार. समोरचे मास्तर म्हणायचे, असल्या मालिकांनी मुलं बिघडतात. आणि हे ते अगदी बारकाव्यानिशी सांगायचे, कारण त्यांनी एकही भाग चुकवलेला नव्हता. माझी तक्रार निराळीच होती. हा पोरगा जेवतो कधी? मी त्याला वर्षभर पाहिला, पण त्याच्या हातात भाकरीचा तुकडा कधी दिसला नाही. चोर मात्र मटण खाताना दाखवायचे.

ह्या सगळ्यांत संपलंकाका वेगळे, कारण ते मुळी मालिका बघतच नव्हते. असं त्यांचं म्हणणं. ते उंबऱ्यावर बसायचे, टीव्हीकडे अर्धी पाठ करून, तोंड रस्त्याकडे. "मी काय बघत नाय. दाराशी बसलोय वाऱ्याला." मेमधल्या दुपारी बाराला आमच्या गल्लीत कोणता वारा येतो, ते देवालाच ठाऊक. पण त्या अर्ध्या पाठीला जे दिसायचं ते आमच्या पूर्ण डोळ्यांना दिसत नसे. "वहिनी, तो ढग बघा. मागच्या रविवारी हाच होता. एकच ढग इकत आणलाय, तोच फिरवतेत." नाहीतर, "दर वेळी चोर ह्याच बोळातून पळतो. ह्यांच्या गावात दुसरा बोळ नाय का? आना म्हनावं इकडं. शहागंजात चोर शिरू द्या, मग बघतो तुमचा नभराज किती उडतो."

सगळ्यात मजा यायची ते नभराजच्या कपड्यांवर बोलायला लागले की. "असलं घालून भाईर पडायची शरम कशी वाटत नाय मानसाला?" हे कोण म्हणत होतं? तर लाल मखमली कोट, त्यावर पितळी बटणं, खांद्यांवर सोनेरी झालर आणि टोपीला हातभर तुरा लावून लग्नसराईत सगळ्या चौकांतून मिरवणारा माणूस. पण त्यांना तोंडावर हे सांगायची कोणाची छाती नव्हती. मीच एकदा म्हटलं, "काका, तुमचा कोट घालून त्याला उडवलं तर?" ते शांतपणे म्हणाले, "माझा कोट घातल्यावर उडायची गरजच पडत नाय, वहिनी. लोक तसंच बघतेत."

पोरं पाठीला टॉवेल बांधून ओट्यावरून उड्या मारायची. काका त्यांच्यावर ओरडायचे, "भिकार मालिका बघून हातपाय मोडा आता!" आणि ओरडता ओरडता एकेकाला जवळ ओढून टॉवेलची गाठ सोडायचे आणि फिरून बांधायचे. "गळ्यापाशी नाय बांधायची रं. अडकला कुठं तर जीव जाईल. इथं बांध, खांद्यावर. आता मार उडी." नभराजचा एवढा तिरस्कार करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

बँडमधल्या पोरांचं म्हणणं होतं, की ती उडायची सुरावट आपणही वाजवावी, लग्नात लोक मागतात. काकांनी साफ नाही म्हणून सांगितलं. "मांजराच्या शेपटीवर पाय दिल्यासारखं ते वाजतंय. माझ्या क्लॅरिनेटमधून असलं निघनार नाय. मी मेल्यावर वाजवा." झालं. हा शब्द सगळ्या शहागंजाला माहीत झाला.

आता माझ्या सुषमाच्या लग्नाचं सांगते. मुलगा करमाडचा, घरचं शेत, शिवाय शहरात नोकरी. सगळं चांगलं होतं, फक्त व्याही मुहूर्ताच्या बाबतीत फार कडक होते. त्यांच्या थोरल्या मुलाच्या लग्नात नाचण्याच्या नादात मुहूर्त टळला आणि वर्षाच्या आत ती सून माहेरी गेली ती परत आलीच नाही. त्यांनी बैठकीतच सांगितलं, "बाई, रागावू नका. पण टळलेल्या मुहूर्तावर मी पुन्हा अक्षता टाकनार नाय. मानसं घिऊन परत जाईन." माणूस वाईट नव्हता. पोळलेला होता.

मुहूर्त निघाला रविवारी दुपारी पाऊणचा. मी काकांना बँड सांगायला गेले. क्लॅरिनेट पुसत होते ते पुसतच राहिले.

"वार बदलता येत नाय का, वहिनी?"

"का हो?"

"नाय, तसं काय नाय. रविवारी ऊन लई असतं."

मी म्हटलं, "ऊन सोमवारीही असतं. आणि नभराज तर तुम्ही बघतच नाही." तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. छाती पुढे काढून म्हणाले, "त्याचा हितं काय संबंध? साडेबाराच्या आत नवरदेव मांडवात आनतो. नाय आनला तर हे क्लॅरिनेट तुमच्या चुलीत घाला."

त्यात आणखी एक घोळ झाला. लग्नाच्या आदल्या रविवारी नभराजची शक्ती शत्रूनं काढून घेतली आणि तो भर आभाळातून खाली पडायला लागला, आणि तिथंच त्यांनी भाग संपवला. पोरगा अधांतरी आणि खाली 'क्रमशः'. आठवडाभर शहरात दुसरा विषय नव्हता. भाजीवाला वजन करता करता विचारायचा, "वाचंल का हो, मावशी?" काका तेवढे म्हणत होते, "पडू द्या, मरू द्या. सुटलो आपन." पण त्या आठवड्यात त्यांनी आमच्याकडे चहा घेतला तेव्हा साखरेबद्दल चकार शब्द काढला नाही. तेव्हाच मला काळजी वाटायला हवी होती.

आमच्याकडे लग्नाआधी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला जातो आणि तिथून वाजतगाजत मांडवात येतो. त्याला परण्या म्हणतात. तर परण्या मारुतीवरून निघाला. मी कार्यालयाच्या दारात आरतीचं ताट घेऊन उभी. लांबून ढोल ऐकू येत होता, क्लॅरिनेट ऐकू येत होतं. बारा वाजले. आणि आवाज थांबला. नुसता कमी झाला नाही, थांबला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. आत व्याही मनगटावरच्या घड्याळाकडे बघत येरझाऱ्या घालायला लागले. सुषमा पिवळ्या साडीत डोकं खाली घालून बसलेली. तिनं मान वर करून माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी ताट कोणाच्या तरी हातात दिलं, शालूचा ओचा वर खोचला आणि पळत सुटले. नवरीची आई, अंगावर जर, नाकात नथ, आणि भर रस्त्यात पळतेय. लोकांना वाटलं असेल, मुलगी पळाली. पळाला होता तो परण्या.

सलीमभाईच्या टीव्हीच्या दुकानासमोर सगळे सापडले. त्यानं काचेच्या मागे दुकानातले झाडून सगळे टीव्ही लावून ठेवले होते आणि सगळ्यांवर एकच नभराज पडत होता. समोर माझी सगळी वरात. नवरदेवाचे मामा, मावश्या, डोक्यावर रुखवताच्या पाट्या घेतलेल्या बायका, ढोलवाले, ताशेवाले. घोडेवाला लगाम सोडून पुढे जाऊन बसलेला. आणि घोड्यावर माझे होणारे जावई, मुंडावळ्या दोन्ही हातांनी बाजूला धरून, मान लांब करून. सगळ्यात चांगली जागा त्यांचीच होती.

मी ओरडले, "अहो, मुहूर्त चाललाय!" सलीमभाई मागे न बघता म्हणाला, "भाबी, पाच मिनट ठैरो. मर रा बेचारा."

आणि लाईट गेली.

सगळे टीव्ही एकदम काळे झाले. गर्दीतून जो आवाज निघाला तसा मी मयतालाही ऐकला नाही. मला वाटलं, बरं झालं, आता हलतील. कशाचे हलतात! तिथंच वाद सुरू झाले.

"मेला तो."

"मरंल कसा? पुढच्या रविवारी कोन येईल मग, तुझा बाप?"

"त्याचा जुळा भाऊ असंल कुठंतरी."

"शक्ती काय खिशात असती व्हय काढून घ्यायला?"

नवऱ्याचे मामा म्हणाले, "आता लाईट येईल. सोडून गेलो आन् आली, तर?" सगळ्यांना ते पटलं. लाईटच्या येण्यावर एवढा विश्वास ह्या शहरात पहिल्यांदाच दिसला.

मी काकांना शोधलं. ते काचेला अगदी चिकटून उभे होते. आज पाठ अर्धी नव्हती, तोंड पुरतं टीव्हीकडे. लाल कोट, टोपीला तुरा, काखेत क्लॅरिनेट, आणि चेहरा घरचं माणूस गेल्यासारखा. मी त्यांचा दंड धरला. "काका, ते परत जातील हो. माझी पोरगी मांडवात बसलीय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग काळ्या काचेकडे पाहिलं, मग ढोलवाल्याला हात केला. बँड वाजायला लागला. नेहमीची लग्नाची चाल. कोणी ढिम्म हललं नाही. दुसरी चाल लावली. एक मावशी म्हणाली, "अवो, जरा गप बसा, लाईट आली तर ऐकू येनार नाय."

काकांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. क्लॅरिनेट तोंडाला लावलं, डोळे मिटले.

आणि नभराज उडाला.

तेच तीन सूर, एकावर एक, आणि मग तो लांब सूर. तोही नुसता वरवरचा नाही, सगळ्या हरकतींसकट. मधला तो छोटा तुकडा, नभराज वळण घेताना वाजायचा आणि जो आमच्यापैकी कोणाच्या लक्षातही नव्हता, तोसुद्धा. ज्या माणसानं वर्षभर रस्त्याकडे तोंड करून ही मालिका 'बघितली नव्हती', त्याच्या श्वासात ती अख्खी बसलेली होती. ढोलवाला तोंड उघडं टाकून बघत राहिला. मग त्यानंही काठी उचलली.

पहिली पोरं वळली. मग बायका. काका उलटे चालत होते, क्लॅरिनेट उंच धरून, आणि सगळी वरात त्यांच्यामागून निघाली, दोन्ही हात पसरून, उडत. नवऱ्याचे मामा उडत होते. रुखवतवाल्या बायका एका हातानं उडत होत्या. घोड्यावर जावयांनी हात पसरले तेव्हा घोडेवाल्यानं त्यांची मांडी धरली, म्हणून माझी मुलगी वेळेवर सवाष्ण झाली. पाऊणला अंतरपाट धरला आणि अक्षता पडल्या. व्याह्यांनी डोळे पुसले आणि मला म्हणाले, "तुमचा बँडवाला खरा मानूस हाय." मी म्हटलं, "खरा नाही हो, एक नंबरचा खोटारडा आहे."

आम्ही कोपऱ्यावर वळलो आणि मागे लाईट आली. हे मला नंतर सलीमभाईनं सांगितलं. सगळे टीव्ही लागले, भाग पुढे सुरू झाला, आणि समोर चिटपाखरू नाही. त्यानं एकट्यानं शेवट बघितला. तेव्हा आजच्यासारखं नव्हतं, की चुकलं तर परत बघता येईल. गेलं ते गेलं. संपलंकाकांच्या आयुष्यात न बघितलेला तेवढाच एक शेवट.

दुसऱ्या दिवशी काका चहाला आले. उंबऱ्यावर बसले, तोंड रस्त्याकडे.

"सुषमा नीट गेली?"

"गेली."

"जावई बरा हाय?"

"बरा आहे."

मग बराच वेळ बशीत फुंकर घालत बसले.

"आन् तो?"

"तो कोण?"

"तोच की. पडलेला."

मी तरी किती छळणार! सलीमभाईनं सांगितलेलं सगळं सांगितलं. ज्या ज्या घरी नभराजनं पोस्टमन म्हणून पत्रं टाकली होती, ती सगळी माणसं धावत आली, एका म्हातारीनं गोधडी आणली, सगळ्यांनी मिळून ती धरली आणि पोरगा त्या गोधडीत झेलला.

"गोधडीत?" काका कडाडले. "एवढ्या वरून? ती काय तारेनं शिवली व्हती? लेखकाला गाढवावर बसवून गावातून काढला पायजे! संपलं, वहिनी, आता खरंच संपलं." मग बशी खाली ठेवून, रस्त्याकडेच बघत, हळूच म्हणाले, "म्हातारी कोंची? लेकाच्या पत्राची वाट बघनारी का?"

"तीच."

"मग बरोबर हाय," एवढंच म्हणाले, आणि उपरण्यानं कपाळाचा घाम पुसला. घाम डोळ्यांपर्यंत आला होता.

पुढे त्यांचं काही खरं राहिलं नाही. पोरं दिसेल तिथं त्यांना घेरायची, "काका, नभराज!" ते म्हणायचे, "कोन नभराज?" पण लग्नाला बँड सांगायला येणारे 'ते उडायचं वाजवणार असाल तर' असं बोलूनच सुपारी द्यायचे. काका दर वेळी नाही म्हणायचे आणि दर वेळी वाजवायचे.

मग एका रविवारी मालिका खरोखरच बंद झाली. बाराला टीव्ही लावला तर कपाशीवरच्या अळीचा कार्यक्रम. पोरं रडकुंडीला येऊन पांगली. काका उंबऱ्यावरून उठले नाहीत. सगळी अळी त्यांनी पाहिली, औषधाच्या फवाऱ्यासकट. आम्ही कान टवकारून वाट बघत होतो, आता म्हणतील, मग म्हणतील. ते म्हणाले, "अळी निदान खरी तरी हाय. बघू, पुढच्या रविवारी काय करतेत." आणि चपला घालून गेले. असे कित्येक रविवार ते कपाशी, शेळ्या आणि ठिबक सिंचन बघायला आमच्याकडे येत राहिले.

आता माझा नातू मोबाईलवर असलंच काहीतरी बघतो. झगे बदलले, माणूस उडायचा थांबला नाही. भाग संपला की हा आणि त्याचे मित्र अंगठ्यांनी भराभर लिहीत बसतात. मी एकदा विचारलं, काय लिहितोस रे? म्हणाला, "पहिल्यासारखी मजा नाही राहिली आज्जी, लेखकाला काही सुचत नाही. मी बघणं बंद करणार आहे." मी त्याला जवळ घेऊन साखर जास्त घातलेला चहा दिला. त्याला कळलं नाही, का ते.

मधल्या काळात डीजे आला आणि बँड बसला. नुसत्या पेट्या गाडीवर ठेवायच्या आणि छातीत धडधडेपर्यंत वाजवायचं, त्यात क्लॅरिनेटला कोण विचारतो. काकांचा मुलगा बिडकीनकडे कंपनीत लागला होता, तो न्यायला आला. टेम्पोत सामान चढलं. लाल कोट त्यांनी घडी करून मांडीवर घेतला होता. सगळी गल्ली ओट्यांवर उभी. मी टेम्पोपाशी जाऊन म्हटलं, "काका, जाता जाता एकदा ते वाजवा."

"ते? ते भिकार?" काका म्हणाले. "शान्या हायेत तुमी. आन् क्लॅरिनेट खाली बांधलंय, समद्या सामानाच्या बुडाशी. चहात साखर घालायला शिका, वहिनी."

टेम्पो निघाला. सलीमभाईच्या दुकानापाशी वळला, दिसेनासा झाला. आणि कोपऱ्यापलीकडून ते सूर आले. क्लॅरिनेट बुडाशी नव्हतंच, कोटाच्या घडीत होतं. एकावर एक, तिन्ही सूर चढले. मग तो लांब सूर निघाला, जो वर तरंगत राहायचा. पण आता छातीत तेवढा दम राहिला नव्हता, तो अर्ध्यातच थरथरला आणि खाली आला.

गल्लीतल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी पदर सारखा केला आणि पार टोकाच्या घरापर्यंत ऐकू जाईल असं म्हटलं, "संपलं! पहिल्यासारखं काही राहिलं नाही त्यांच्यात."

आणि पुढच्या रविवारी, बाराला पाच कमी असताना, मी दार उघडं टाकून बसले.